यापुढची गाडी किती उंच?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना आश्चर्य वाटलें असेल. आयुष्यभर शाळेंत गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसानें अमेरिकेंतील एका करमणुकीच्या उद्यानाविषयीं बोलावें, आणि तेंही तेथें अद्याप न बांधलेल्या गाडीविषयीं, हें थोडेंसें विलक्षण खरेंच. पण या विषयाची गोडी मला लावली ती माझ्या नातीनें. ती ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड शहरीं राहते. तेथून पश्चिमेस सुमारें ६० मैलांवर, ईरी सरोवरांत शिरलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर, सीडर पॉइंट नांवाचें जुनें उद्यान आहे. गेल्या दिवाळींत दूरध्वनीवर बोलतांना तिनें मला विचारलें, "आजोबा, सीडर पॉइंटला यापुढचा रोलर कोस्टर कोणता येईल, सांगा पाहूं?" मी विचार करूं लागण्यापूर्वींच तिनें उत्तरही देऊन टाकलें: "५०० फुटांचा!" कां, म्हणून विचारतां ती म्हणाली, "आधीं २०० फुटांचा झाला, मग ३०० चा, मग ४०० चा. आतां ५०० चाच असणार!"

या उत्तरांत एक गोम आहे. या रीतीनें हिशेब करावयाचा, तर दहाव्या वर्षीं साडेचार फूट असलेला मुलगा विसाव्या वर्षीं नऊ फुटांचा व्हावयास हवा! "आजवर असें झालें, म्हणून पुढेंही असेंच होईल," हें एक बोलणें. आणि "अमुक कारणानें असें झालें, तें कारण अजून टिकून आहे, म्हणून पुढेंही असें होईल," हें दुसरें. पहिल्यास आपण नुसता अंदाज म्हणूं, दुसऱ्यास तर्क म्हणूं. नातीच्या अंदाजाचा तर्क करतां येतो कीं काय, हें पाहण्याचा उद्योग मीं पुढें कांहीं महिने केला. त्याचा वृत्तांत आज आपणांसमोर ठेवीत आहें.

प्रथम ही गाडी म्हणजे काय, तें पाहूं. आपल्यापैकीं जे खोपोलीजवळच्या उद्यानांत गेले असतील त्यांनीं ती डोळ्यांनीं पाहिली असेल. इतरांनीं जत्रेंतला मोठा पाळणा आठवावा. पाळणा वर जातो तेव्हां छाती भरून येते, आणि खालीं येतो तेव्हां पोटांत खड्डा पडतो. रोलर कोस्टरमध्यें हेंच सुख, किंवा हेंच दुःख, रुळांवरून मिळतें. साध्या प्रकारांत गाडीला स्वतःचें इंजिन मुळींच नसतें. सांखळीनें तिला एका उंच चढावर ओढून नेतात आणि तेथून सोडून देतात. पुढचा सारा प्रवास त्या एकदां मिळालेल्या उंचीच्या भांडवलावर चालतो. भांडवल खर्चावें तसा वेग मिळतो. पुन्हा चढ चढावा तसा वेग परत करावा लागतो. वाटेंत रूळ आणि वारा आपली दलाली कापून घेतात, म्हणून पुढचा प्रत्येक चढ सामान्यतः पहिल्याहून ठेंगणा ठेवावा लागतो.

न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथें लामार्कस टॉम्प्सन यानें १८८४ सालीं अशी गाडी लोकांसाठीं खुली केली, आणि बसण्याचें भाडें ५ सेंट ठेवलें. सीडर पॉइंटला अशी पहिली गाडी १८९२ सालीं आली. ती अवघी २५ फूट उंच होती आणि तिचा वेग ताशीं १० मैल होता. तांगा तिला सहज मागें टाकता! पुढें १९८९ सालीं तेथें मॅग्नम नांवाची २०५ फुटांची गाडी आली, २००० सालीं मिलेनियम फोर्स नांवाची ३१० फुटांची, आणि २००३ सालीं टॉप थ्रिल ड्रॅगस्टर नांवाची ४२० फुटांची. माझ्या नातीनें जी शिडी सांगितली ती हीच. पहिल्या २५ फुटांच्या गाडीपासून मोजलें तर १११ वर्षांत उंची जवळजवळ सतरापट झाली.

आतां या उंचीचें गणित पाहूं. तें फार सोपें आहे. इयत्ता सातवींतील मुलास करतां येईल. उतार जितके फूट असेल त्या संख्येचें वर्गमूळ काढावें आणि त्यास ८ नें गुणावें. उताराच्या पायथ्याशीं गाडी एका सेकंदास किती फूट धांवेल, तें निघतें. १०० फुटांचें वर्गमूळ १०, म्हणून वेग सेकंदास ८० फूट, म्हणजे ताशीं सुमारें ५४ मैल. ४०० फुटांचें वर्गमूळ २०, म्हणून वेग सेकंदास १६० फूट. उंची चौपट केली तेव्हां वेग दुप्पट झाला, हें ध्यानांत ठेवावें. मिलेनियम फोर्सचा मोठा उतार ३०० फुटांचा आहे. आपल्या रीतीनें वेग येतो ताशीं ९४ मैल. प्रत्यक्षांत तो ९३ मैल आहे. राहिलेला एक मैल रुळांनीं आणि वाऱ्यानें घेतला. एवढ्या मोठ्या यंत्राचा वेग कागदावरच्या दोन ओळींत निघतो, याचें मला अजूनही कौतुक वाटतें.

मग उंची वाढवीत जाण्यास हरकत कोणती? पोलाद तर वाटेल तितकें उंच उभारतां येतें. हरकत येते ती शिखरावर नव्हे, पायथ्याशीं. खालीं झेपावणाऱ्या गाडीस तळाशीं वळवून पुन्हा आडवें करावें लागतें. त्या वळणावर बसणारा आपल्या आसनावर दाबला जातो, आणि त्याचें वजन जणूं कांहीं पटींनीं वाढतें. कोनी आयलंड येथेंच १८९५ सालीं एक गाडी आली होती. तींत माणसांना उभ्या वर्तुळांतून डोकें खालीं करून फिरवीत असत. वर्तुळाच्या माथ्यावरून गाडी जेमतेम पार पडण्याइतका वेग दिला, तरी त्याच वर्तुळाच्या तळाशीं बसणाऱ्यावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो, असें गणित सांगतें. लोकांच्या माना दुखावूं लागल्या आणि ती गाडी कांहीं वर्षांतच बंद पडली. हा प्रश्न नीट सुटला तो १९७६ सालीं, कॅलिफोर्नियांत. वेर्नर स्टेंगल या जर्मन स्थापत्यज्ञानें वर्तुळाऐवजीं पाण्याच्या थेंबासारखा आकार घेतला. तो तळाशीं पसरट असतो आणि माथ्याशीं आंवळत जातो, त्यामुळें भार मानेस सोसेल इतकाच राहतो.

हेंच तत्त्व मोठ्या उतारास लावून पाहूं. बसणाऱ्यावरील एकंदर भार त्याच्या वजनाच्या साडेचारपटीहून अधिक होऊं द्यावयाचा नाहीं, असें धरलें, तर तळाच्या वळणाची त्रिज्या उताराच्या उंचीच्या निम्म्याहून थोडी अधिक ठेवावी लागते. ३०० फुटांच्या उतारास सुमारें १७० फुटांची त्रिज्या, ५०० फुटांच्या उतारास सुमारें २८५ फुटांची. शिवाय तो भार सोसण्याचा काळही लांबतो. त्यापुढचे चढ आणि बाजूचीं वळणेंही याच प्रमाणांत मोठीं करावीं लागतात. म्हणजे उंची वाढवावयाची ती आकाशांत, पण तिची किंमत द्यावयाची ती जमिनींत. आणि सीडर पॉइंटपाशीं नाहीं ती नेमकी जमीनच! तिन्ही बाजूंस सरोवर, एका बाजूस रस्ता. मोठें असें कांहीं नवें आणावयाचें तर बहुधा जुन्याला निरोप द्यावा लागतो.

मग २००३ सालीं ४२० फूट कसे साधले? तेथें कारागिरांनीं एक युक्ति केली. चढउतारांची मालिका सोडूनच दिली. एक सरळ मार्ग, त्याच्या टोकाशीं एक उभा मनोरा. गाडीनें वर जावयाचें, खालीं यावयाचें, संपलें. सारा खेळ १७ सेकंदांचा. गाडी सांखळीनें वर न ओढतां, तेलाच्या आणि वायूच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांनीं तारेचा दोर इतक्या वेगानें गुंडाळीत कीं सुमारें ४ सेकंदांत तिला ताशीं १२० मैलांचा वेग येई. आपली रीत आतां उलट वापरून पाहूं. ताशीं १२० मैल म्हणजे सेकंदास १७६ फूट. त्यास ८ नें भागलें कीं २२. बावीसाचा वर्ग ४८४. एवढ्या वेगांत ४८४ फूट चढण्याचें भांडवल असतें आणि मनोरा ४२० फुटांचा. उरलेल्या ६४ फुटांत वाऱ्याची व रुळांची दलाली भागवून माथा ओलांडावयाचा. समोरून वारा जोराचा असला, किंवा रेटा किंचित् कमी पडला, कीं गाडी माथ्यापर्यंत न पोंचतां मागें फिरे, आणि खालीं बसविलेल्या चुंबकीय रोधकांवर येऊन थांबे. ही गोष्ट अपघातांत मोडत नसे. तशी सोय आधींच करून ठेवलेली होती. कित्येक लोक तर आपली गाडी मागें फिरावी अशी इच्छा धरीत.

परंतु पुढें एक खरा अपघात झाला. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं या गाडीचा एक धातूचा तुकडा सुटला आणि खालीं रांगेंत उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या मस्तकास लागून तिला गंभीर दुखापत झाली. ती गाडींत बसलेलीही नव्हती; आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. ओहायो राज्यांत अशा गाड्यांची तपासणी कृषिखात्याकडे असते. त्या खात्यानें चौकशी केली. गाडी बंद झाली ती पुन्हा त्या रूपांत सुरू झाली नाहीं. २०२२ च्या सप्टेंबरांत उद्यानानें तसें जाहीर केलें.

येथें मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. नातीनें ही बातमी सांगितली तेव्हां मीं छातीठोकपणें म्हटलें होतें, "आतां तो मनोरा पाडतील." माझा तर्क सपशेल चुकला. कां चुकला? मीं गाडी आणि मनोरा यांना एकच समजलों. मनोऱ्यांत कांहींच बिघडलेलें नव्हतें, आणि ४२० फूट पोलाद उभें करण्यास जो खर्च येतो तो आधींच होऊन चुकला होता. असा खर्च झालेली वस्तु मालक सहजीं मोडीत काढीत नाहीं. २०२३ च्या ऑगस्टांत जाहीर झालें कीं मनोरा राहणार, आणि त्याच्या मागल्या बाजूस तितकाच उंच दुसरा उभा रूळ येणार. ही नवी गाडी, टॉप थ्रिल २, दाबाच्या यंत्रांऐवजीं विद्युत्‌चुंबकांवर चालते. तिला एकदम १२० मैलांचा वेग देत नाहींत. प्रथम पुढें ७४ मैलांचा रेटा देतात; तो मनोऱ्याच्या अर्ध्यासही पुरत नाहीं. गाडी परत घसरते तेव्हां मागें १०१ मैलांचा रेटा देतात, आणि ती मागच्या रुळावर उलटी चढते. तेथून खालीं येतांना तिसरा रेटा १२० मैलांचा, आणि मग ती माथा ओलांडते. झोपाळ्यावरच्या मुलास आपण एकाच धक्क्यानें उंच नेत नाहीं. येतांजातां योग्य वेळीं हात लावतों, तसेंच हें. ही गाडी २०२४ च्या मे महिन्याच्या आरंभीं सुरू झाली, थोड्याच दिवसांत डब्यांतील दुरुस्तीसाठीं बंद ठेवावी लागली, आणि २०२५ सालीं पुन्हा सुरू झाली. उंचीच्या टोकाशीं यंत्र किती हट्टी होतें, हें यावरून दिसेल.

आतां नातीच्या शिडीकडे पुन्हा वळूं. तिनें २००३ पर्यंतच्या पायऱ्या मोजल्या. त्यापुढच्या मोजल्याच नाहींत. मीं तिला त्या मोजावयास सांगितल्या. २००७ सालीं आली मॅव्हरिक, उंची १०५ फूट. २०१३ सालीं गेटकीपर, १७० फूट. २०१६ सालीं व्हॅलरेव्हन, २२३ फूट. २०१८ सालीं स्टील व्हेंजन्स, २०५ फूट. एका जुन्या लाकडी गाडीच्या सांगाड्यावर पोलादी रूळ घालून ती केली. २०२३ सालीं फिरत्या डब्यांची एक लहानशी गाडी. २०२५ सालीं सायरन्स कर्स, १६० फूट. टॉप थ्रिल २ उंच खरी, पण ती जुन्या मनोऱ्याच्याच उंचीची. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळांत या उद्यानानें आपली उंची एक फुटानेंही वाढविलेली नाहीं! शिडी संपून बराच काळ लोटला आहे. आपण मात्र अजून पुढची पायरी चांचपीत आहों.

उंची थांबली म्हणून नवलाई थांबली नाहीं. सायरन्स कर्समध्यें गाडी माथ्यावर येते तों पुढें रूळच नाहीं, असें दिसतें. ती तेथें थांबते, पायाखालचा रुळाचा तुकडा गाडीसकट पुढें कलतो, तोंड थेट जमिनीकडे होतें, आणि मग तो तुकडा खालच्या रुळाशीं जुळला कीं गाडी सुटते. १६० फूटच, पण पाहणाराचा श्वास क्षणभर अडकतो. स्टील व्हेंजन्सवर बसणारा पुनःपुन्हा आसनावरून अधर उचलला जातो. या अधरपणाची बेरीज सुमारें २७ सेकंद भरते. भीति फुटांवर मोजली जात नाहीं, हें कारागिरांनीं ओळखलें आहे. आणि कोठें थांबावें, हेंही ते कधीं कधीं चांचणींत शिकतात. मॅव्हरिकच्या मार्गांत एक पूर्ण कोलांटी बांधलेली होती. पण तिचा ताण डब्यांवर फार पडतो असें दिसून येतांच, लोकांसाठीं उघडण्यापूर्वींच तेवढा भाग काढून तेथें साधा रूळ बसविला. बांधलेलें मोडण्यास धैर्य लागतें.

यापुढची गाडी कोणती, हें जाणण्याचीं बाह्य चिन्हेंही पुष्कळ आहेत. अमेरिकेंत २०० फुटांहून उंच कांहीं उभारावयाचें तर विमानवाहतुकीच्या सरकारी खात्यास आधीं सूचना द्यावी लागते, आणि ती कोणासही पाहतां येते. नवें नांव राखून ठेवण्याचा अर्जही असाच उघडा असतो. हें उद्यान हिंवाळ्यांत बंद असतें व बांधकाम बहुतेक त्याच काळांत होतें. म्हणून शरद ऋतूंत मोजणीच्या खुंट्या दिसूं लागल्या, किंवा एखाद्या जुन्या गाडीस निरोप दिला, कीं जाणकार कान टवकारतात. पण या साऱ्या चिन्हांचें वजन सारखें नाहीं. नांव राखून ठेवण्यास खर्च थोडा; तें कधीं न वापरतांही पडून राहतें. खुंट्या गटारासाठींही ठोकतात. मोकळी झालेली जागा मोठ्याच गाडीसाठीं असते, असेंही नाहीं. सरोवराच्या कांठीं २१५ फुटांची एक गाडी होती. ती २०२१ सालीं काढली, आणि तेथल्या किनारी भागांत दोन वर्षांनीं आली ती मघाशीं सांगितलेली लहानशी गाडी. जें चिन्ह उभें करण्यास पैसा आणि वेळ अधिक लागतो, त्यावर अधिक विश्वास ठेवावा, असा माझा नियम आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे. सीडर पॉइंटची मालक कंपनी १ जुलै २०२४ रोजीं सिक्स फ्लॅग्ज या दुसऱ्या मोठ्या कंपनीशीं एकत्र झाली. एका खजिन्याकडे आतां पुष्कळ उद्यानें हात पसरणार. ज्यास नुकतें मिळालें त्यानें थांबावें, हें ओघानेंच आलें. याच कंपनीनें न्यू जर्सींतील किंगडा का ही ४५६ फुटांची गाडी २०२४ नंतर चालविली नाहीं, आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजीं सुरुंग लावून पाडली. मेरीलंडमधील तिचें एक उद्यान २०२५ च्या नोव्हेंबरांत कायमचें बंद झालें. उंचीची शर्यत आज चालते ती दुसरीकडे. सौदी अरबस्तानांत रियाधजवळ उभारलेल्या फाल्कन्स फ्लाइट या गाडीचा आराखडा १९५ मीटर, म्हणजे सुमारें ६४० फूट उंचीचा आहे. पण तेथें वाळवंटाची जमीन मोकळी आहे आणि उतारास नैसर्गिक कडाही लाभला आहे. सरोवरांतल्या चिंचोळ्या पट्ट्यावर हीं दोन्ही साधनें नाहींत.

यावरून माझा तर्क असा. सीडर पॉइंटची यापुढची गाडी ४२० फुटांहून उंच नसेल. बहुधा २५० फुटांच्या आंतच असेल. ती मोकळ्या जमिनीवर न येतां एखाद्या जुन्या गाडीच्या जागेवर किंवा सांगाड्यावर येईल. तिची नवलाई उंचींत नसून पडण्याच्या रीतींत असेल. हा तर्क चुकला हें केव्हां समजावें, तेंही सांगून ठेवतों. विमानखात्याकडे ४२० फुटांहून उंच बांधकामाची सूचना गेली, कीं मी हरलों. आपण कशानें खोटे ठरूं हें आधीं न सांगणारा मनुष्य कधींच हरत नाहीं, आणि म्हणून तो कांहीं शिकतही नाहीं.

हें सारें मीं नातीस सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ५०० फुटांचा कधींच होणार नाहीं?" तिच्या आवाजांत थोडी निराशा होती. मीं म्हटलें, "होईलही, पण त्याचें कारण तूं शोधून काढ." आणि तिला त्या रांगेंत उभ्या असलेल्या बाईची गोष्ट सांगितली. पुढच्या गाडीविषयीं आपण हौसेनें बोलतों, तेव्हां तिच्याखालीं रांगेंत उभें राहणारीं माणसें आपल्या हिशेबांत क्वचितच असतात. ज्याला ती गाडी बांधावयाची आहे, त्याला मात्र त्यांचाच हिशेब पहिल्यानें करावा लागतो, आणि बांधून झालेली कोलांटीही प्रसंगीं उतरवावी लागते.

आम्ही दोघांनीं आपापले तर्क कारणांसह एकेका कागदावर लिहून, खालीं तारीख घालून, पाकिटांत बंद करून ठेवले आहेत. तिचें पाकीट माझ्याकडे आहे, माझें तिच्याकडे. नव्या गाडीची घोषणा होईल त्या दिवशीं तीं उघडावयाचीं आहेत. आणि कोण जिंकलें हें पाहण्याआधीं कोणाचें कोणतें कारण टिकलें तें वाचावयाचें, असें आमचें ठरलें आहे.